निनावी बाटल्यांचा हिशेब: विद्यापीठांतल्या रासायनिक कचऱ्याचा आढावा

दिल्ली विद्यापीठाने फेब्रुवारी २०१० मध्ये रसायनशास्त्र विभागातल्या जुन्या सामानाचा लिलाव केला. त्यात 'गॅमासेल' नावाचे एक यंत्र होते. ते कॅनडाहून आणलेले होते, १९८५ पासून वापरात नव्हते आणि त्याच्या पोटात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी स्रोत होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. एप्रिलमध्ये तिथली माणसे किरणोत्साराच्या जखमा घेऊन रुग्णालयात पोहोचली आणि त्यांतला एक जण दगावला. अणुऊर्जा नियामक मंडळाने चौकशी केली, विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस बजावली.

हा कचरा रासायनिक नव्हता. किरणोत्सर्गी पदार्थांसाठी कायदा वेगळा आहे. पण यंत्र ज्या वाटेने आवाराबाहेर गेले, ती वाट आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयाला अनोळखी नाही. वस्तूचा वापर थांबतो, ती जाणणारा माणूस निवृत्त होतो, डेड स्टॉकच्या नोंदवहीत एक ओळ उरते, निर्लेखन समिती सही करते आणि टेंपो येतो. रसायनांच्या बाबतीत फरक इतकाच की त्यांच्यासाठी टेंपोही येत नाही. ती एक तर बेसिनमधून जातात, नाही तर कपाटात वर्षानुवर्षे बसून राहतात.

प्रयोगशाळांतल्या रासायनिक कचऱ्याचे काय करायचे, याचे तंत्र जगाला गेली चाळीस वर्षे माहीत आहे. त्याची पुस्तके आहेत, नियम आहेत, महाराष्ट्रात भस्मकही आहेत. तरीही प्रश्न सुटत नाही, कारण या कचऱ्याला विद्यापीठात मालक नाही. तंत्र, कायदा आणि परदेशांतला अनुभव या तिन्ही अंगांनी पाहिले तरी गाडी याच मुद्द्यावर येऊन थांबते.

थोडा, पण नाना प्रकारचा

कारखान्याचा कचरा टनांत असतो, पण ओळखीचा असतो. रंगाच्या कारखान्यातून आज जो गाळ निघतो, तोच उद्या निघणार. त्याचे पृथक्करण एकदा केले की पुढची व्यवस्था बसते. विद्यापीठाचे उलट आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ॲसिटोन, हेक्झेन, क्लोरोफॉर्म आणि सिलिका जेलचा चोथा. बी.एस्सी.च्या वर्गात 'सॉल्ट' शोधताना वापरलेले शिसे, बेरियम, कॅडमियम. प्राणिशास्त्रात फॉर्मालिन, सूक्ष्मजीवशास्त्रात रंजकद्रव्ये, जैवतंत्रज्ञानात इथिडियम ब्रोमाइड. औषधनिर्माणशास्त्रात एचपीएलसी यंत्रातून दिवसभर बाहेर पडणारे मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल. प्रत्येक गोष्ट थोडीथोडी, आणि तिचे मिश्रण दर आठवड्याला वेगळे.

त्यात माणसेही बदलत राहतात. पीएच.डी.चा विद्यार्थी पाचेक वर्षे राहतो, शेकडो संयुगे बनवतो आणि छोट्या कुप्यांवर स्वतःची आद्याक्षरे आणि एक आकडा लिहून ठेवतो. त्या आकड्याचा अर्थ त्याच्या वहीत असतो. विद्यार्थी नोकरीला लागतो, वही मार्गदर्शकांच्या कपाटात जाते आणि कुप्या फ्रिजमध्ये राहतात. त्या क्षणापासून त्यांत काय आहे, हे सांगणारे कोणी उरत नाही. विल्हेवाटीच्या दृष्टीने अज्ञात पदार्थ हा सर्वांत महाग. तपासल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही, आणि दोन ग्रॅमसाठी तपासणी करायला कोणी तयार नसते.

बेसिन नावाची पळवाट

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे नळ सोडून ओतून देणे. काही गोष्टींसाठी ते चालतेही. धातू नसलेले सौम्य आम्ल किंवा अल्क उदासीन करून, मिठासारखे निरुपद्रवी क्षार भरपूर पाण्याबरोबर सोडले तर हरकत नाही. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत सामूचे बंधन ५.५ ते ९ असे आहे. घोटाळा होतो तो 'भरपूर पाणी' हा मंत्र सगळ्यालाच लावला जातो तेव्हा.

याचे उत्तम उदाहरण पर्यावरणशास्त्राच्याच प्रयोगशाळेत सापडते. पाणी किती दूषित आहे हे मोजण्याची सीओडी चाचणी घ्या. नेहमीच्या पद्धतीत २० मिलिलिटर नमुन्यात सुमारे ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट टाकतात, म्हणजे नमुन्यातले क्लोराइड आड येत नाही. मग पोटॅशियम डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट घातलेले तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि दोन तासांची उकळी. चाचणी संपते तेव्हा चंबूत पारा, क्रोमियम, चांदी आणि तीव्र आम्ल असे चारही एकत्र असतात. ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेटमध्ये पारा भरतो सुमारे २७० मिलिग्रॅम. सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एका चंबूतला पारा निव्वळ पाणी घालून त्या मर्यादेत आणायचा तर २७,००० लिटर पाणी लागेल, दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. एका प्रात्यक्षिकात असे वीस चंबू असले, तर पाणी ५ लाख ४० हजार लिटर. आणि इतके करूनही पारा तेवढाच राहतो. तो गाळात बसतो, जिवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी करतात आणि ते माशांत साठत जाते. प्रदूषण मोजण्याचा तास हाच प्रदूषणाचा तास ठरतो.

क्रोमियमचे तसे नाही, ते प्रयोगशाळेत काबूत आणता येते. काचसामान धुण्यासाठी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण जुन्या विभागांत अजून दिसते. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. आम्लधर्मी द्रावणात सोडियम मेटाबायसल्फाइट हळूहळू घातले की नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो, म्हणजे क्रोमियम तीन संयुजेचे झाले. मग चुना घालून सामू आठ-नऊपर्यंत नेला की करडा-हिरवा साका खाली बसतो. गाळलेला साका घातक कचरा म्हणून वेगळा ठेवायचा, वरचे पाणी तपासून सोडायचे. हे काम फ्यूम हूडखाली आणि जाणत्या माणसानेच करायचे, कारण सल्फर डायऑक्साइड सुटतो. पण हे करता येते, आणि यामुळे वीस लिटर विषारी पाण्याचे मूठभर गाळात रूपांतर होते.

बाटलीत काय शिजते

जे बेसिनमध्ये जाऊ नये ते बाटलीत जमवावे, इथपर्यंत बहुतेक विभाग आता आले आहेत. पण एकच मोठा कॅन ठेवून त्यावर 'वेस्ट' एवढेच लिहिणे हे बेसिनपेक्षा सुरक्षित असेलच असे नाही. सायनाइडच्या द्रावणात आम्ल पडले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. ब्लीचमध्ये आम्ल पडले तर क्लोरिन. नायट्रिक आम्ल असलेल्या कॅनमध्ये कोणी ॲसिटोन किंवा इथेनॉलने भांडी धुतल्यावर उरलेला द्राव ओतला, तर त्या क्षणी काही दिसत नाही. आम्ल द्रावकाचे हळूहळू ऑक्सिडीकरण करत राहते, वायू साठत जातो आणि घट्ट झाकणाची बाटली काही तासांनी, प्रयोगशाळेला कुलूप लागल्यावर, फुटते. म्हणून नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय द्रावके यांची कायमची फारकत ठेवायची. वायू सुटण्याची शक्यता असलेल्या कचऱ्याला दाब सोडणारे झाकण लावायचे. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही आणि ती खोल ट्रेमध्ये ठेवायची, म्हणजे गळती झाली तरी ट्रेपुरती राहते.

क्लोरीनयुक्त आणि क्लोरीनविरहित द्रावके वेगळी ठेवा, असे प्रत्येक सूचनाफलक सांगतो. त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. हेक्झेन, मिथेनॉल, इथिल ॲसिटेट यांत ज्वलनमूल्य असते, त्यामुळे सिमेंटच्या भट्टीत त्यांचा इंधन म्हणून उपयोग होऊ शकतो. डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म जाळले की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, आणि तापमान कमी पडले तर डायॉक्सिन. म्हणून घातक कचऱ्याच्या भस्मकाच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सिअस तापमान आणि धूर धुण्याची व्यवस्था लागते. पाच लिटर हेक्झेनमध्ये कपभर क्लोरोफॉर्म ओतला की सगळाच कॅन महाग गटात जातो.

न वापरलेली, जुनी रसायने हा तिसरा प्रकार, आणि तो सर्वांत दगाबाज. डायइथिल ईथर, टीएचएफ आणि विशेषतः डायआयसोप्रोपिल ईथर हवेच्या संपर्काने स्फोटक पेरॉक्साइड तयार करतात. बाटली कधी फोडली त्याची तारीख तिच्यावर असेल तरच तिचे वय कळते. पोटॅशियम आयोडाइडची साधी चाचणी पिवळा-तपकिरी रंग देऊन इशारा देते. पण झाकणाभोवती स्फटिक दिसू लागले असतील, तर चाचणीही करायची नाही आणि बाटलीही हलवायची नाही. पिक्रिक आम्लाचे तसेच. ओले असताना ते शांत असते, सुकले की स्फोटक. जीवशास्त्र विभागाच्या मागच्या फळीवर त्याची जुनी बाटली निघाली तर झाकण फिरवून पाहण्याचा मोह टाळावा आणि तज्ज्ञ बोलवावा.

हाताळणीतली चूक किती छोटी असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे आहे. विषारी धातूंच्या अभ्यासक कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब पडले. लेटेक्सचा मोजा हे संयुग अडवू शकत नाही, हे तेव्हा माहीत नव्हते. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या स्वतः काळजी घेणाऱ्या संशोधक होत्या. मोजा घातला एवढ्यावर भागत नाही, कोणत्या रसायनाला कोणता मोजा हे पाहावे लागते, हा धडा तेव्हापासून सुरक्षेच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

कायदा आहे, पण कारखान्याच्या मापाचा

भारतात घातक कचऱ्याचे नियम पहिल्यांदा १९८९ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. कचरा निर्माण करणाऱ्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यायचे, नोंद ठेवायची, साठा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत द्यायचे. डब्यावर चमकदार पिवळ्या रंगाचे लेबल लावायचे आणि त्यावर धोक्याची सूचना लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लिहायची. कचरा निघाला की त्याच्याबरोबर सात रंगांच्या प्रतींचे मॅनिफेस्ट जायचे. पाठवणारा, वाहतूकदार, स्वीकारणारा आणि मंडळ या सर्वांच्या दप्तरी प्रत राहते, म्हणजे मधेच कुठे ओढ्यात डबा रिकामा झाला तर पकडता येते. याच नियमांत क्रमही दिला आहे: आधी कचरा टाळा, मग कमी करा, मग पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि शेवटी विल्हेवाट.

कागदावर हे चोख आहे. पण नियमांचे पहिले परिशिष्ट उघडले की पेट्रोरसायनांपासून औषधांपर्यंत उद्योगांच्या प्रक्रियांची यादी दिसते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी वेगळे प्रकरण नाही. याउलट २०१६ च्याच जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत संशोधन आणि शैक्षणिक संस्थांचा नावानिशी उल्लेख आहे. परिणाम कोणत्याही आवारात दिसतो. वैद्यकीय महाविद्यालयात पिवळ्या, लाल पिशव्या ठरल्या वेळी उचलल्या जातात. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात द्रावकांचे कॅन कोणाची वाट पाहत आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही.

महाराष्ट्रात घातक कचऱ्यासाठी सामाईक केंद्रे आहेत: तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी. गोव्यात पिसुर्ल्याला केंद्र झाले आहे. ती औद्योगिक वसाहतींच्या सोयीने उभी राहिली, हे साहजिक आहे. पण नांदेड, जळगाव किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयाने वर्षाकाठी जमलेल्या ऐंशी लिटरसाठी परवानाधारक वाहन मागवायचे, तर कचऱ्यापेक्षा फेरी महाग पडते. मग प्राचार्यांपुढे दोन पर्याय उरतात: नियम पाळून न परवडणारा खर्च करायचा, किंवा कचरा नाहीच असे धरून चालायचे.

दुसरा पर्याय नॅकच्या मूल्यांकनातही खपून जातो. सातव्या निकषात घातक रसायनांच्या व्यवस्थापनाबद्दल विचारणा असते. तिथे फ्यूम हूडचे छायाचित्र, एखादा शोषखड्डा आणि 'रसायनांची योग्य विल्हेवाट लावली जाते' असे वाक्य जोडता येते. मॅनिफेस्टची प्रत आग्रहाने मागितली गेली, तर चित्र लवकर बदलेल.

बाहेरच्यांनी काय केले

अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रयोगशाळांतल्या सुरक्षित पद्धतींवरचे पुस्तक १९८१ मध्ये काढले आणि १९८३ मध्ये विल्हेवाटीवर दुसरे. १९९५ मध्ये दोन्हींचे एकच पुस्तक झाले आणि २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. १९९० मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र मानक लागू केले. प्रत्येक संस्थेने लेखी रासायनिक सुरक्षा आराखडा ठेवायचा आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमायचा, हे त्यातून बंधनकारक झाले.

तरीही अपघात थांबले नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत पेट घेणारे टर्ट-ब्युटिल लिथियम हाताळताना शेरी संगजी ही तरुण संशोधन सहायक भाजली आणि जानेवारीत दगावली. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. पुढे विद्यापीठावर आणि प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. शैक्षणिक क्षेत्राला याचा धक्का मोठा होता. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात स्फोटक संयुगावर काम करताना एका विद्यार्थ्याने तीन बोटे गमावली. १०० मिलिग्रॅमची मर्यादा तोंडी सांगितली गेली होती, प्रत्यक्षात सुमारे दहा ग्रॅम बनवले गेले. केंद्रीय चौकशी मंडळाने दोष केवळ विद्यार्थ्याला दिला नाही. आधी थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद कोणी ठेवली नव्हती आणि सुरक्षा अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकले जाईल अशी अधिकारांची रचनाच विद्यापीठात नव्हती, यावर त्यांनी बोट ठेवले.

आपल्या दृष्टीने अधिक उपयोगी बदल त्यांच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २००८ मध्ये केला. महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांसाठी कचरा नियमांत स्वतंत्र उपप्रकरण आले. विद्यार्थ्याने कचऱ्याचा कायदेशीर वर्ग ठरवण्याची अपेक्षा त्यातून काढून टाकली. विद्यार्थ्याने फक्त बाटलीत काय आहे ते लिहायचे. वर्ग ठरवण्याचे काम प्रशिक्षित व्यक्ती करणार. त्याबरोबर कपाटे साफ करण्यासाठी संस्थांना जादा मुभाही दिली, म्हणजे जुना साठा बाहेर काढला म्हणून संस्था जास्त कचरा करणाऱ्यांच्या कडक वर्गात ढकलली जाऊ नये. प्रयोगशाळा म्हणजे छोटा कारखाना नव्हे, हे मान्य करून लिहिलेला हा नियम आहे. आपल्याकडे नेमके हेच हवे आहे.

कचरा खरेदीतच ठरतो

सगळ्यांत स्वस्त विल्हेवाट म्हणजे जे कधी विकतच घेतले नाही त्याची. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीस होणारी खरेदी कुठल्याही विभागाला परिचित आहे. पाच ग्रॅम लागत असताना पाचशे ग्रॅमची बाटली येते, कारण दर ग्रॅमला ती स्वस्त पडते. उरलेले चारशे पंच्याण्णव ग्रॅम दहा वर्षांनी घातक कचरा म्हणून बाहेर काढताना ती बचत परत जाते. तीच बाटली शेजारच्या विभागात पडून असते, पण साठ्याची सामाईक यादी नसल्याने कळत नाही.

प्रात्यक्षिकांचा आकार कमी करणे हा दुसरा मार्ग. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या बोडन आणि मेरिमॅक कॉलेजांतल्या मेयो, पाइक आणि बुचर यांनी सेंद्रिय रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके मिलिग्रॅमच्या पातळीवर आणली. खर्च, धूर आणि कचरा तिन्ही घटले. १९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, त्यातले पहिले तत्त्व कचरा होऊच न देण्याचे आहे. अर्थात प्रत्येक पर्याय निर्दोष नसतो. गुणात्मक विश्लेषणात किपच्या उपकरणातला हायड्रोजन सल्फाइड टाळण्यासाठी थायोॲसिटामाइड वापरतात, आणि तेच कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. तिथे पदार्थ बदलण्यापेक्षा शिसे आणि कॅडमियमच प्रात्यक्षिकातून वगळणे शहाणपणाचे.

पण हे महाविद्यालयाच्या हातात नसते. संलग्न महाविद्यालयाला प्रात्यक्षिक बदलता येत नाही, ते विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि परीक्षेत तेच येते. अभ्यास मंडळाने एका यादीतून नेस्लर अभिकर्मक काढला, तर त्या विद्यापीठाखालच्या सगळ्या महाविद्यालयांतला तेवढा पारा एका ठरावाने कमी होतो. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला मान्यता दिली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत. प्रात्यक्षिकांच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाखाली 'उरलेल्याचे काय करावे' असा परिच्छेद सक्तीचा करायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

मालक कोण?

आजच्या व्यवस्थेत खरेदी प्राध्यापक करतात, वापर विद्यार्थी करतात आणि कचऱ्याला हात लावतो तो प्रयोगशाळा परिचर किंवा कंत्राटी सफाई कामगार. सुरक्षेची माहितीपत्रके मात्र इंग्रजीत असतात. ज्याला सर्वांत कमी सांगितले जाते त्याच्यावर सर्वांत जास्त धोका पडतो. मायापुरीतही भोगावे लागले ते भंगारवाल्यांना. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात परिचरापासून आणि मराठीत झाली पाहिजे. डब्यावरचे लेबल स्थानिक भाषेत असावे, असे नियमच म्हणतात.

संस्थेच्या पातळीवर तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, पूर्णवेळ जबाबदार अधिकारी, ज्याला प्रयोग थांबवण्याचा अधिकार असेल आणि जो कुलगुरूंना थेट उत्तरदायी असेल. दोन, ना-देय प्रमाणपत्रात ग्रंथालय आणि वसतिगृहाबरोबर प्रयोगशाळेचा रकाना: विद्यार्थ्याने आपल्या सगळ्या कुप्या ओळखून दिल्याशिवाय पदवीचा प्रबंध पुढे जाणार नाही. तीन, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची सामाईक फेरी. विद्यापीठाने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून वर्षातून दोनदा एकच वाहन ठरवले, तर नांदेड किंवा सावंतवाडीच्या ऐंशी लिटरांनाही रस्ता मिळतो. ९० दिवसांच्या मर्यादेतून अशा छोट्या साठ्याला सवलत द्यायची झाली, तर ती मंडळाने जाहीरपणे आणि अटींसह द्यावी. आज ती न मागता, न देता, गुपचूप घेतली जाते.

शेवटी प्रश्न पैशाचा. संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरणे, रसायने, प्रवास आणि मनुष्यबळ यांचे रकाने असतात. विल्हेवाटीचा खर्च कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही. निधी देणाऱ्या संस्थांनी रसायनांच्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्यासाठी राखून ठेवणे सक्तीचे केले आणि अखेरच्या हप्त्यासाठी मॅनिफेस्टची प्रत मागितली, तर वर्षभरात प्रत्येक विभागाला आपल्या कपाटात काय आहे हे मोजावे लागेल. विद्यापीठे आदेशांपेक्षा अनुदानाच्या अटी लवकर पाळतात. सुरुवात तिथूनच करावी.